उपरण्याखालचा विषय

लढाईच्या वर्षांत सांगलीचं लोकमत हळदीच्या एका अडत दुकानात, एका उपरण्याखाली घडत होतं. हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतो. लोकमत म्हणजे आम्ही नऊ माणसं होतो, आणि त्यांतला एक कंपाउंडर केवळ गादी मऊ होती म्हणून येत असे, एवढं मात्र सोबत सांगायला हवं.

उपरणं ज्यांचं होतं ते हळदीचे अडते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यामुळे त्यांचं नाव सांगितल्यासारखं होत नाही, कारण त्या काळी हळदीच्या पेठेत उभं राहून कुणी ‘अण्णा’ अशी हाक मारली असती तर निम्मी पेठ मागं वळली असती. उंच, वाळलेला देह, मुळात काळी असलेली टोपी आणि कायमची पिवळी झालेली बोटं. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, हाताकडे बघत. पहिल्या भेटीत मला वाटलं, माझ्या हाताला काही लागलंय. मी हात मागं घेतला, तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. तोंडाला शाळंत घालता येतं. हाताला न्हाई. म्हनून मी हात बघतो.”

मी तेव्हा साताऱ्याहून नोकरीसाठी सांगलीत आलेला कारकून होतो. साताऱ्यात आमच्याकडे वाद म्हणजे मोठ्यानं बोलणं. ज्याचा घसा आधी बसेल तो हरला. सांगलीत एक हस्तलिखित मासिक निघतं, त्यात दर महिन्याला चालू घडामोडींवर एक विषय घेऊन दोन्ही बाजू लिहितात, लिहिणारे सगळे स्वेच्छेनं लिहितात आणि अक्षर चांगलं असणाऱ्याची त्यांना गरज आहे, असं मला कुणीतरी सांगितलं. माझं अक्षर चांगलं होतं. मतांबद्दल कुणी विचारलं नाही.

मासिकाला एक नाव होतं. ते नाना वकिलांनी ठेवलं होतं आणि इतकं संस्कृत होतं की पूर्ण उच्चारायला दोनदा श्वास घ्यावा लागे. म्हणून सगळे त्याला ‘वही’ म्हणत. वाचनालयाच्या लांब टेबलावर ती साखळीनं बांधून ठेवलेली असे. ती कुणी चोरून नेईल, अशी आशा संस्थापकांना असावी. वहीत कविता असत, प्रवासवर्णनं असत, पण लोक उघडत ते मधलं पान. तिथं डाव्या बाजूला ‘होय’ आणि उजव्या बाजूला ‘नाही’ असे दोन लेख समोरासमोर बसत. आमच्या वादात कुणी कुणाला मध्येच तोडत नसे, कारण कागदाला ते जमत नाही.

पण खरा वाद व्हायचा तो विषय निवडण्याचा, आणि तो अण्णांच्या दुकानात व्हायचा. अण्णा वहीचे संपादक होते. त्यांनी आयुष्यात बाजारभावाच्या पत्रांखेरीज एक ओळ लिहिली नव्हती. नाना वकिलांना याचं फार वाईट वाटे. पण शाई, कागद, बसायला जागा आणि भडंग हे सगळं अण्णांचं होतं, आणि संपादकपदाची इतकी पात्रता मोठमोठ्या वर्तमानपत्रांच्या मालकांकडेही असते असं नाही.

अण्णा वर्तमानपत्र खालून वर वाचत. आधी बाजारभाव, मग जाहिराती, मग हरवले-सापडले, मग कोपऱ्यातल्या दोनदोन ओळींच्या बातम्या आणि सगळ्यात शेवटी मथळा. कारण विचारलं तर म्हणत, “वर छापत्यात ते कुनाला तरी छापायचं आसतं म्हनून. खाली छापत्यात ते जागा उरली म्हनून. खरं आसलं तर खाली आसतंय.” मथळ्यापर्यंत ते पोचायचे तेव्हा बहुधा जेवणाची वेळ होई. जपान लढाईत उतरल्याची बातमी त्यांना दुसऱ्या दिवशी एका वजनकाट्यावाल्याकडून कळली असं लोक सांगत. मी खात्री करून घेतली नाही. गोष्ट चांगली होती.

रविवारी दुपारी आम्ही जमायचो. हळदीच्या पोत्यांना टेकून बसल्यामुळे उठताना प्रत्येकाची पाठ पिवळी झालेली असे, आणि संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर फिरायला गेलं की लोक विचारत, “आज वही का?” प्रत्येक जण आपापला विषय आणायचा. अण्णा तो हळकुंडासारखा तपासायचे. हळकुंड मोडून बघतात. वाळलेलं असेल तर टच्चकन आवाज येतो आणि आतला रंग दिसतो. ओलं असेल तर नुसतं वाकतं.

“विश्वशांती शक्य आहे काय?” नाना वकील एकदा म्हणाले. विषय सांगताना ते डावा हात कोटाच्या खिशात घालत.

“ओला हाय,” अण्णा म्हणाले.

“ओला म्हणजे?”

“मोडंना. व्हय म्हना, न्हाई म्हना, कुनाचं काय जातंय?”

हा त्यांचा कायमचा प्रश्न होता. ह्या विषयात हितं बसलेल्या कुणाचं काय जातंय? कुणाचंच काही जात नसेल तर ती बातमी झाली, विषय नव्हे. रशियाचा हिवाळा, अमेरिकेचे डॉलर, चर्चिलचा चिरूट असे कितीतरी मोठे विषय त्या पोत्यांमध्ये वाकून पडले आणि ‘रेशनच्या रांगेत म्हाताऱ्यांना पुढे सोडावे काय’ हा विषय टच्चकन मोडला. त्या अंकाला वाचनालयात रांग लागली होती. म्हाताऱ्यांना तिथंही कुणी पुढे सोडलं नाही.

तपासणीतून पाच विषय उरले की अण्णा ते खडूनं पाटीवर लिहून समोर ठेवत. मग उपरणं निघे.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. हळदीचा सौदा तेव्हा बोलून होत नसे. अडत्या आणि खरेदीदार हातात हात घ्यायचे, वर कापड टाकायचे आणि कापडाखाली बोटं दाबून भाव सांगायचे. कुणी किती दिला हे दुसऱ्या खरेदीदाराला कळू नये, हा हेतू. ज्याची हळद असे तो शेतकरी शेजारी उभा राहून दोन गंभीर चेहरे बघत असे. अण्णांनी हीच रीत वहीला लावली. प्रत्येकानं त्यांच्यासमोर बसायचं, उपरण्याखाली हात द्यायचा आणि जो विषय हवा त्याच्या आकड्याइतकी बोटं दाबायची. मग अण्णा डोळे मिटून बेरीज करत आणि निकाल सांगत. आपण काय दाबलं हे बाहेर बोलायचं नाही, आणि निकालावर अपील नाही.

“ही लोकशाही आहे की काय आहे?” मी एकदा विचारलं.

“मोठ्यानं इचारलं की मानसं वकिलांकडं बघून हात वर करत्यात,” अण्णा म्हणाले. “उपरन्याखाली कुनाकडं बघनार?”

अडचण होती ती मालतीबाईंची. त्या मुलींच्या शाळेत शिकवत आणि आमच्यात एकट्याच बाई. त्यांनी परक्या पुरुषाच्या हातात हात द्यावा, तोही कापडाखाली, हे सांगलीला मानवलं नसतं. अण्णांनी तोडगा काढला. बाईंनी उपरण्याखाली हळकुंडं ठेवायची. जितका आकडा तितकी हळकुंडं. नंतर अण्णा कापडाखाली हात घालून मोजत. मालतीबाई जाताना ती हळकुंडं पिशवीत टाकून नेत. “मताचा अधिकार मिळालाय,” त्या म्हणत, “तो आमटीत तरी घालते.”

अण्णा जैन होते, आणि सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम कडक होता. त्यामुळे आमच्या सभेला एक गोष्ट होती जी मी पुढे विधिमंडळांतही पाहिली नाही, ती म्हणजे शेवट. दाराच्या चौकटीवरून ऊन उतरून उंबऱ्याला टेकलं की अण्णा उठत. कुणाचं वाक्य अर्धं राहिलं तर ते पुढच्या रविवारपर्यंत तसंच राही. नाना वकिलांची कित्येक वाक्यं तशीच राहिली आहेत.

आता हणमंताबद्दल सांगायला हवं.

हणमंता पलूसच्या बाजूचा, म्हणजे तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातला. सांगलीत प्राथमिक शाळेत मास्तर होता. आडव्या हाडाचा, कमी बोलणारा. वहीत तो शेतीवर लिही, आणि वाक्यं नांगराच्या तासासारखी सरळ असत. त्याचा थोरला भाऊ शंकर पलटणीत होता. ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठंतरी गेला होता आणि बरेच महिने पत्र नव्हतं. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं. आम्ही त्याबद्दल बोलत नसू. त्याला आम्ही सभ्यपणा म्हणत होतो.

त्रेचाळीस सालची गोष्ट. बाहेर काय दिवस होते ते वेगळं सांगत नाही. माणसं तुरुंगात होती, माणसं डोंगरात होती, आणि हणमंताच्या गावाकडे तर घरटी कुणीतरी लपलेला किंवा लपवणारा होता. अशा दिवसांत एका रविवारी नाना वकिलांनी डावा हात खिशात घातला.

“सध्याच्या लढाईत सरकारच्या फौजेत राहणाऱ्या हिंदी शिपायास देशद्रोही म्हणावे काय?”

सगळे पाटीकडे बघायला लागले. पाटीवर अजून काही लिहिलेलं नव्हतं.

अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्यांनी विषय पाटीवर पाचवा म्हणून लिहिला. दुसरा होता ‘टांग्यास रात्री दिवा सक्तीचा असावा काय’. तो कंपाउंडरनं आणला होता, कारण आदल्या आठवड्यात अंधारात एक टांगा त्याच्या पायावरून गेला होता. बाकीचे तीन मला आता आठवत नाहीत.

उपरणं फिरलं. हणमंता बसला तेव्हा अण्णांनी त्याचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवल्यासारखं वाटलं. मग मालतीबाईंची हळकुंडं झाली. अण्णांनी डोळे मिटले, उघडले.

“दोन,” ते म्हणाले. “टांग्याचा दिवा.”

“काय?” नाना वकील अर्धे उठले. “देश पेटलाय आणि आपण टांग्याचा दिवा?”

“बाजार उठला,” अण्णा म्हणाले.

आम्ही पिवळ्या पाठी घेऊन बाहेर पडलो. मी स्वतः पाच दाबली होती. मला वाटलं, बाकीच्यांचं धाडस झालं नाही. रस्त्यात प्रत्येक जण दुसऱ्याकडे तशाच नजरेनं पाहत होता. बोलायचं नाही असा नियम असल्यामुळे आम्ही एकमेकांना मनातल्या मनात भित्रे म्हणत आपापल्या घरी गेलो.

पुढच्या रविवारी टांग्याचे दोन्ही लेख आले. ‘होय’ मी लिहिला होता. ‘नाही’ची बाजू कुणी घेईना म्हणून ती पाय चिरडलेल्या कंपाउंडरनंच घेतली, आणि त्याचा मुद्दा असा होता की घोड्याला अंधारात दिसतं. लेख वाचून झाले. अण्णा पाटी पुसायला लागले, तेवढ्यात हणमंता म्हणाला,

“आवं अण्णा, मी पाच दाबली हुती.”

अण्णांचा हात पाटीवर थांबला.

“हणमंतराव,” नाना वकील म्हणाले, “नियमानं ते सांगता येत नाही.”

“नियम ऱ्हाऊ द्या. मी पाच दाबली हुती. तुमी किती?”

वकिलांनी घसा साफ केला. “विषय माझाच होता. मीही पाचच.”

“मीही,” मी म्हणालो. मग एकेक जण म्हणत गेला. कंपाउंडरसुद्धा. स्वतःचा विषय सोडून त्यानं पाच दाबली होती, कारण त्याला वाटलं होतं दिव्याला तसाही कोण विचारतो.

“माझी पाच हळकुंडं होती,” मालतीबाई म्हणाल्या. “बोटांची गफलत होते एक वेळ. हळकुंडांची कशी झाली?”

बाजारात उपरण्याखालचा भाव खोटा सांगणाऱ्या अडत्याची पत एका दिवसात जाते. पुन्हा त्याच्या हातात कुणी हात देत नाही. हे आम्हाला अण्णांनीच सांगितलं होतं, एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत होतो, आणि ते पहिल्यांदाच कुणाच्या हाताकडे बघत नव्हते.

“मी खोटं बोललो,” ते म्हणाले. “सगळ्यांची पाच हुती. पर हणमंताचा हात कापत हुता. कापत्या हातानं दिल्याला भाव मी जन्मात धरला न्हाई. मानूस भ्यालेला आसतो, नडल्याला आसतो. सोडून द्यायचा आसतो तसला सौदा. ह्याच्या शंकरचा ठाव न्हाई, आन हितं आमी इचारनार त्याला काय म्हनायचं? म्हनून दिवा म्हनालो.”

“भ्यालो न्हवतो,” हणमंता म्हणाला.

“हात कापत हुता रं.”

“रागानं कापत हुता.”

अण्णांनी पाटी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, “कुनाच्या?”

“सगळ्यांच्या. तुमच्या बी. वकिलांनी विषय काढला आन नऊच्या नऊ मानसं पाटीकडं बघाय लागली. काय हुतं पाटीवर? गावात बी आसंच हाय. आई हिरीवर गेली की बायका गप हुत्यात, घागर उचलून निघाली की सुरू. तोंडावर कोन बोलंना आन पाठीमागं कोन थांबंना. एकदा कुनीतरी लिवून द्या की! वर ‘म्हनावे’ आन खाली सही. मग मला बी उत्तर देता ईल. भिताडाला काय उत्तर देऊ? मला वाटलं, हितं तरी मिळंल. तर तुमी दिलं टांग्याचा दिवा.”

मालतीबाई म्हणाल्या, “अण्णा, कुणाचं काय जातंय हे विचारणारे तुम्ही. आणि ज्यात खरंच कुणाचं तरी जात होतं, तोच विषय तुम्ही बाजूला टाकलात.”

अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, नीट घडी केली आणि गादीखाली सारलं.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “हात वाचाय चुकलो. चाळीस वर्सं वाचतोय म्हनून लय मस्ती हुती. आता उघड्यावर घिऊ. ह्याच अंकात. ‘म्हनू नये’ हणमंता लिवनार. ‘म्हनावे’ कोन लिवतंय?”

हा प्रश्न विचारल्यावर दुकानात जे झालं ते मी पुढे अनेक मोठ्या सभांतही पाहिलं, पण इतक्या कमी माणसांत नाही. ज्या विषयावर नऊ जणांनी पाच-पाच बोटं दाबली होती, त्याची एक बाजू लिहायला कुणाच्याच हाताला बोटं उरली नाहीत.

“मला तासगावला तारीख आहे,” नाना वकील म्हणाले.

“कवा?”

“या... याच आठवड्यात. तयारी करायची आहे. आणि दुसरं असं की विषय मांडणं वेगळं आणि व्यक्तिशः...”

“वकीलसाहेब,” हणमंता म्हणाला, “मी रागावनार न्हाई. लिवा.”

“तसं नाही हो,” वकील म्हणाले, आणि हात खिशातून बाहेर काढला.

मालतीबाई म्हणाल्या, त्यांना तसं वाटत नाही, त्यामुळे त्या लिहिणार नाहीत. मी म्हणालो, मला दोन्ही लेखांची सुवाच्य प्रत करायची आहे. कंपाउंडरचा पाय दुखत होता.

ऊन चौकटीवरून उतरलं. उंबऱ्याला टेकलं. आम्ही सवयीनं अण्णा उठायची वाट पाहू लागलो. खरं सांगायचं तर आशेनं पाहू लागलो. अण्णा उठले नाहीत. दिवाणजीनं दारातून आठवण केली, “अण्णा, जेवायचं...” अण्णांनी हातानंच त्याला जायला सांगितलं.

“मग मी लिवतो,” ते म्हणाले, आणि माझ्यापुढचा टाक ओढून घेतला.

ते लिहीत असताना ऊन उंबऱ्यावरून अंगणात गेलं आणि तिथूनही गेलं. त्या दिवशी ते उपाशी राहिले. नेम मोडला नाही, जेवण सोडलं. त्यांनी लिहिलेला लेख मी वहीत उतरवला, म्हणून मला तो बराचसा पाठ आहे. तो बाजारभावाच्या पत्रासारखा होता, कारण अण्णांना दुसरं काही लिहिताच येत नव्हतं.

“विशेष लिहिणेस कारण की, परक्या सरकारचा पगार घेऊन जो बंदूक धरतो त्यास आपला म्हणता येत नाही, असे आम्ही आजवर मनात म्हटले आहे व पाठीमागेही म्हटले आहे. आमच्या घरचा कोणी पलटणीत नाही, त्यामुळे म्हणणे सोपे गेले. पाठीमागे म्हटलेला भाव खरा धरत नाहीत. सबब आज तोंडावर म्हणत आहे की, त्यास देशद्रोही म्हणावे. सदर शिपायाचा भाऊ समोर बसला आहे. उत्तर यावे. कळावे.” खाली पूर्ण सही, दुकानाच्या शिक्क्यासह.

हणमंतानं तो तिथंच वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाला, “झ्याक हाय,” आणि कागद मागितला.

त्याचं उत्तरही लांब नव्हतं. त्यानं लिहिलं की, त्याच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक दगड बसवलेला आहे. मागच्या लढाईत ह्या गावातून किती माणसं गेली आणि किती परत आली नाहीत, ते त्यावर कोरलंय. त्यात त्याचा चुलता आहे. दर दसऱ्याला गाव त्या दगडाला हार घालतं. हार घालणारी माणसं आणि त्याच्या आईशी विहिरीवर न बोलणारी माणसं वेगळी नाहीत. गावानं आधी एक काय ते ठरवावं. दगड फोडावा किंवा आईशी बोलावं. शंकर परत आला तर त्याला काय म्हणायचं ते तोंडावर म्हणावं, तो ऐकून घेईल. नाही आला तर तोही त्या दगडावर जाईल, आणि मग त्याला हार घालायला येऊ नये.

मी दोन्ही लेखांची प्रत केली. माझं अक्षर त्या दिवशी काही चांगलं आलं नाही. डाव्या पानावर अण्णा, उजव्या पानावर हणमंता. त्यांच्या मागच्या पानांवर टांग्याचे दिवे. अंक वाचनालयात साखळीला लागला.

तो किती लोकांनी वाचला ते सांगता येत नाही, कारण तिसऱ्या दिवशी फौजदार आले. ते टेबलाशी बसून शांतपणे सगळी वही वाचत बसले. कविताही वाचल्या, हे विशेष. मग साखळी सोडायला लावून वही घेऊन गेले. अण्णांना चौकीवर बोलावणं आलं. ते दुपारभर तिथं बसले आणि ऊन उतरायच्या आत जेवायचंय असं सांगून परत आले. काय झालं असं विचारलं तर म्हणाले, “फौजदार म्हनाला, सरकारच्या बाजूनं लिवलंय का इरुद्ध, तेच कळंना. म्या म्हनालो, आमाला बी कळंना, म्हनून तर दोन्ही बाजू लिवल्या.”

काही दिवसांनी वही परत आली. मधलं पान ब्लेडनं इतकं सफाईनं कापून काढलं होतं की नाना वकिलांनाही त्यात बेकायदेशीर असं काही सापडेना. अण्णांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. “मोडून बघितला गड्या त्यानं,” ते हणमंताला म्हणाले. “आवाज आला म्हनायचा.”

त्यानंतरही सभा होत राहिल्या, विषय निघत राहिले. उपरणं पुन्हा आलं, कारण बाकीच्यांना ते हवं होतं. उपरण्याखाली माणूस फार शूर असतो. हणमंतासाठी मात्र अण्णांनी ते कधी पसरलं नाही. त्याची पाळी आली की ते आपला पिवळा हात उघडाच पुढे करत, आणि हणमंता सगळ्यांसमोर किती बोटं दाबायची ती दाबे. मालतीबाईंनी पुढल्या रविवारपासून स्वतःची हळकुंडं उपरण्यावर ठेवायला सुरुवात केली. नाना वकिलांनी बराच काळ विषय सुचवला नाही. मग त्यांनी जागतिक संघटनेच्या भवितव्यावर एक सुचवला. तो ओला निघाला.

शंकर परत आला, लढाई संपल्यावर. शेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात हणमंता त्याला दुकानात घेऊन आला. ब्रह्मदेशात हिवतापाच्या गोळ्या खाऊन खाऊन शंकर नखशिखांत पिवळा पडला होता. हळदीच्या दुकानात ते पहिल्यांदा कुणाच्या लक्षातच आलं नाही.

अण्णा उभे राहिले. गिऱ्हाईकासाठी ते कधी उभे राहत नसत.

“तुझ्याबद्दल मी वंगाळ लिवलंय,” ते म्हणाले.

“व्हय, सांगितलं ह्यानं.” शंकरनं इकडेतिकडे पाहिलं. “कुठाय?”

“फौजदारानं नेलं.”

“आन ह्यानं लिवल्यालं?”

“ते बी नेलं.”

शंकरनं थोडा विचार केला. “मग ऱ्हायलं काय?”

अण्णा शंकरच्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी आपला हात पुढे केला, कापडाशिवाय, आणि शंकरनं तो धरला. काय दाबलं, किती दाबलं, हे मला दिसलं नाही. हणमंताला मी नंतर विचारलं, तर म्हणाला, “काय न्हाई. नुसता धरला हुता. पर अण्णांचा कापत हुता.”

“रागानं?” मी विचारलं.

“ते अण्णांनाच ठावं,” हणमंता म्हणाला.

अण्णा आता नाहीत. वहीही बंद पडली. साखळी वाचनालयानं छत्र्यांसाठी वापरली. अधूनमधून कुणीतरी मला विचारतं की इतकी माणसं इतकी वर्षं फुकट लिहीत बसली, त्यानं निष्पन्न काय झालं? देशद्रोहाचा प्रश्न आमच्याकडून सुटला नाही. ती पानं कुठं गेली तेही कळलं नाही. पण फौजदारांनी त्या दिवशी संपूर्ण वही वाचली होती हे मी वर सांगितलंच आहे. माझा टांग्याच्या दिव्यावरचा लेख त्यांना पटला. कंपाउंडरचा घोड्याचा मुद्दा पटला नाही. लढाई संपल्यावर सांगलीत टांग्यांना रात्री दिवा सक्तीचा झाला. वहीमुळे सार्वजनिक जीवनात घडून आलेला, दाखवता येईल असा बदल हा एवढा एकच.

शंकरला पलटणीतून सुटताना जे मिळालं त्यात त्यानं टांगा घेतला. दिव्याच्या नियमाखाली सांगलीत पहिला दंड त्यालाच झाला. टांग्याला दिवा होता. रॉकेल रेशनवर होतं.